हाताला मुंग्या : 'पॉवरची' गोळी मागण्याआधी बोटे पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या जिल्ह्यातल्या औषध दुकानांत एक मागणी हमखास येते : "गोळी चालू आहे, तरी हाताला मुंग्या येतात, जरा पॉवरची द्या." कोयता चालवणारा हे म्हणतो, शिरोलीच्या फौंड्रीत ग्राइंडर धरणारा म्हणतो, पहाटे चार म्हशींच्या धारा काढणारी बाईही म्हणते. काउंटरवरून बहुतेक वेळा खरोखरच पॉवरची गोळी निघते. चूक इथेच होते. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक ही वेदनाशामक औषधे सूज आणि तिच्यामुळे होणारे दुखणे उतरवतात. दबलेली नस, म्हणजे मज्जातंतू, त्यांनी मोकळी होत नाही. त्यामुळे दुखणे थांबते आणि मुंग्या राहतात. मग रुग्णाला वाटते, गोळी कमी पडली, किंवा गोळीनेच मुंग्या आणल्या.

विचारायचे असते ते दुसरेच. मुंग्या कोणत्या बोटांना येतात, आणि कधी?

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू बधिर होते, करंगळी मात्र साफ असते. रात्री दोन-तीनला जाग येते, हात झटकला की बरे वाटते. एवढे जुळले तर बहुधा मनगटातल्या बोगद्यात मीडियन नस दबली आहे, म्हणजे कार्पल टनेल. घरी पडताळता येते : कोपरे टेकून दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना लावायच्या, मनगटे खाली वाकलेली ठेवायची आणि ६० सेकंद थांबायचे. मिनिटाच्या आत त्याच बोटांत मुंग्या उठल्या तर संशय बळावतो. नाही उठल्या म्हणून आजार नाही असे मात्र होत नाही.

यावर पहिला उपाय गोळी नव्हे, रात्रीचा पट्टा. दुकानात 'कॉक-अप स्प्लिंट' मागितला की जो मिळतो, त्यातली धातूची पट्टी मनगट वर उचललेल्या स्थितीत वाकवलेली असते. नसेला सर्वांत जास्त जागा मिळते ती मनगट सरळ असताना. म्हणून ती पट्टी कप्प्यातून बाहेर काढायची, हाताने दाबून जवळजवळ सपाट करायची आणि परत घालायची. पट्टा बांधल्यावर खाली एक बोट सहज सरकले पाहिजे. रोज रात्री, निदान सहा आठवडे. चार दिवस बांधून "फरक नाही" म्हणत खुंटीला टांगलेले पट्टे घरोघरी सापडतील. क्रेप बँडेज आवळून बांधणारे तर मुंग्या स्वतःच वाढवून घेतात.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर होत असेल तर मनगट सोडा, कोपर बघा. कोपर वाकवून तासभर मोबाइल कानाला लावणे, मोटारीच्या खिडकीवर कोपर टेकणे, हात उशाखाली दुमडून झोपणे ही नेहमीची कारणे. रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळला की हात पुरता दुमडत नाही, तेवढ्यानेही बऱ्याच जणांना आराम पडतो. मान वळवली की दंडातून करंट उतरत असेल तर दोष मानेच्या मणक्यात शोधावा लागतो.

फेटलिंग, म्हणजे ओतलेले लोखंडी भाग घासून साफ करणाऱ्यांचे, थोडे वेगळे. ग्राइंडरच्या कंपनाने नसांबरोबर बारीक रक्तवाहिन्याही बिघडतात. थंडीत सकाळी बोटांची टोके पांढरी पडणे ही त्याची खूण. साधे हातमोजे कंपन फारसे अडवत नाहीत, मात्र हात उबदार ठेवतात, म्हणून घालावेत. झिजून वेडेवाकडे झालेले चाक वेळेत बदलणे, मशीन गरजेपेक्षा जास्त आवळून न धरणे आणि सलग काम न करता मधे हात मोकळा करणे, याचा उपयोग कोणत्याही गोळीपेक्षा अधिक.

आता गोळ्यांकडे येतो, कारण त्यांचाही वाटा आहेच. फक्त तो लोक समजतात तिथे नसतो. वेदनाशामकाबरोबर पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल ही अॅसिडिटीची गोळी दिली जाते. दुखणे गेले, पण "रिकाम्या पोटीची" गोळी वर्षानुवर्षे सुरूच राहते. पोटातले आम्ल कमी झाले की अन्नातले बी-१२ नीट सुटे होत नाही. मधुमेहाचे मेटफॉर्मिनही बी-१२ कमी करते. शाकाहारी, मधुमेही आणि रोज अॅसिडिटीची गोळी घेणारा माणूस असेल तर तिहेरी मार. अशा वेळी मुंग्या दोन्ही बाजूंना सारख्या येतात आणि पायांनाही असतात. रक्तातले बी-१२ तपासायचे असेल तर बी-१२ चे लाल इंजेक्शन घेण्याआधी तपासा. नंतरचा आकडा फुगलेला येतो आणि निदान हुकते. नुसते फॉलिक अॅसिड घेत राहिले तर रक्त सुधारते, नसांची हानी मात्र चालूच राहते. नसांची ताकद म्हणून दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी पाकिटावर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, किती ते वाचावे. ते दीर्घकाळ जास्त प्रमाणात गेले तर त्यानेच नसा बिघडतात. औषधच रोग होऊन बसते!

प्रेगाबालिन ७५ मिलिग्रॅम हल्ली सर्रास लिहिले जाते. नसेच्या दुखण्यावर ते चांगले औषध आहे, पण ते अंगावर सूज आणू शकते. डायक्लोफेनॅकसारखी औषधेही शरीरात पाणी धरून ठेवतात. बोटातली अंगठी घट्ट होऊ लागली असेल तर मनगटातली जागाही आक्रसली असे समजा. शिवाय प्रेगाबालिन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. रोजच्या वेदनाशामकांनी मूत्रपिंड मंदावले की ते साठते, मग गुंगी आणि झोकांड्या. म्हणून दोन्ही दीर्घकाळ चालू असतील तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, बघितलेले बरे. बंद करतानाही एकदम नको, डॉक्टरांच्या सल्ल्याने निदान आठवडाभर तरी हळूहळू उतरवत आणावे. ट्रॅमाडॉल या जहाल वेदनाशामकाचेही तसेच; ते अचानक सोडल्यावर मुंग्या येऊ शकतात. २०१८ पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, तेव्हा चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार उपकार करत नसतो.

काही मुंग्यांच्या बाबतीत वाट बघत थांबायचे नसते. अंगठ्याच्या बुडाची गादी सपाट झाली, शर्टाचे बटण लागेना, हातातून कप निसटू लागला, तर नसेची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, करून शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा. कातडीवर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तव्याचा चटका बसूनही दुखत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी. लाजायचे कारण नाही. सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे आणि ६ किंवा १२ महिन्यांत उपचार पुरा होतो. गोळी घेतल्यावर काही मिनिटांत तळहात-ओठ चुणचुणले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, तर ती अॅलर्जी आहे, थेट रुग्णालय गाठा. आणि एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, तोंड वाकडे, बोबडी वळली, तर वेदनाशामक शोधत बसू नका. १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

हंगामात ऊसतोड कामगारांच्या तळांवर आरोग्य शिबिरे होतात, तिथे बीपी आणि साखर बघितली जाते. त्याच रांगेत मनगट वाकवण्याची एका मिनिटाची तपासणी आणि "करंगळी की अंगठा?" हा एक प्रश्न घालायला यंत्र लागत नाही, पैसेही नाहीत. साखर कारखान्यांनी आणि फौंड्रीवाल्यांनी येत्या शिबिरापासून ते सुरू करावे, एवढी आपल्या पत्रामार्फत विनंती.

आपला,
एक औषधनिर्माता, कोल्हापूर