यंत्राच्या उत्तरामागे आप्त कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की नोकऱ्या राहतील की जातील, याचीच चर्चा होते. यंत्र जे सांगते त्याला ज्ञान म्हणावे का, हा प्रश्न मागे पडतो; आणि या संशोधनाने पुढे कोणती वाट धरावी हे, माझ्या मते, त्याच प्रश्नावर अवलंबून आहे.

न्याय या प्राचीन भारतीय दर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानली. त्यांतल्या शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, नैयायिकांनी अट घातली ती अशी, की सांगणारा आप्त असावा. म्हणजे त्याला ती गोष्ट यथार्थ ठाऊक असावी आणि ती जशीच्या तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. चॅटजीपीटीसारखी प्रारूपे (मॉडेल्स) अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे शिकतात. त्यांचे उत्तर पुष्कळदा बरोबर असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचा हवालाही ती त्याच ठाम सुरात देतात, आणि वाचणाऱ्याला दोहोंतला फरक कळण्याची सोय नसते.

अल्फाफोल्डची गोष्ट वेगळी आहे. प्रथिनाची त्रिमितीय घडी वर्तवणाऱ्या या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. तिच्या पाठीशी १९७१ पासून प्रोटीन डेटा बँकेत जमा होत गेलेल्या, प्रयोगशाळांनी क्ष-किरणांसारख्या साधनांनी कष्टाने शोधलेल्या रचना होत्या. शिवाय १९९४ पासून दर दोन वर्षांनी या क्षेत्रात एक परीक्षा होते: प्रयोगाने सापडलेली पण अद्याप प्रसिद्ध न झालेली रचना झाकून ठेवायची, स्पर्धकांना केवळ अमिनो आम्लांचा क्रम द्यायचा आणि उत्तरे ताडून पाहायची. २०२० मध्ये अल्फाफोल्ड उत्तीर्ण झाले ते या कसोटीवर. रचनेच्या कोणत्या भागावर किती भरवसा ठेवावा, याचा अंकही ते स्वतः देते. संशोधनाचा पैसा केवळ प्रारूपे मोठी करण्यात न घालता अशा कसोट्या उभारण्यात घालावा, असे मला म्हणायचे आहे.

मराठीपुरते बोलायचे तर (वाईकराला हा मोह आवरत नाही) तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्यातल्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते. नोंदी जुन्या होतात, चुकतातही; पण त्या कोणी लिहिल्या हे ठाऊक असल्याने कोणाला जाब विचारायचा ते कळते. मराठी प्रारूपांसाठी नुसता मजकूर गोळा करणाऱ्या संस्थांनी विषयतज्ज्ञांकडून तपासलेले मराठी प्रश्नसंच तयार करावेत आणि प्रारूपांचे त्यांवरील गुण, चुकांसह, जाहीर करावेत.

सातारा जिल्ह्यातला आल्याचा शेतकरी कंदकुजीवरचे औषध आणि त्याची मात्रा उद्या मोबाइललाच विचारणार आहे. मात्रा चुकली तर पीक त्याचे जाईल. म्हणून ती मात्रा कोणत्या कृषी संशोधन केंद्राने, केव्हा आणि कोणत्या जमिनीत तपासली, हे उत्तराखाली नोंदवण्याचे बंधन निदान शेती आणि औषधोपचार या दोन विषयांत तरी शासनाने घालावे.

आपला,
एक वाचक, वाई (जि. सातारा)