घरगुती बिअर आणि मलमलीचे गाळणे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील घरगुती बिअरवरील लेखात ती नितळ करण्यासाठी दुहेरी मलमलीतून गाळण्याचा सल्ला दिला आहे, तो पटला नाही. बिअर आंबवणाऱ्या आणि तिला गढूळ करणाऱ्या यीस्टची (सूक्ष्म बुरशीची) पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मलमलीची छिद्रे त्याहून कितीतरी मोठी असल्याने कपड्यावर फक्त चोथा अडतो, गढूळपणा तसाच राहतो आणि ओतताना मिसळलेल्या ऑक्सिजनमुळे चव मात्र बिघडते. त्यापेक्षा आंबणे पूर्ण झाल्यावर भांडे न हलवता काही दिवस ० ते ४ अंशांवर ठेवले, तर यीस्ट आणि थंडीत एकत्र येणारी प्रथिने व पॉलिफेनॉल (वनस्पतींतील तुरट द्रव्ये) बऱ्याच अंशी तळाशी बसतात. मग वरचा द्रव नळीने अलगद काढावा. (मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाणाऱ्या आमच्या भागात हे फ्रिजशिवाय अशक्यच.) एक मायक्रॉनखालचा फिल्टर यीस्ट अडवतो खरा, पण फेस आणणारा वायू यीस्टच तयार करत असल्याने नंतर बाटलीत साखर घालूनही बिअर फेस धरत नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि राज्यात इतरत्रही परवान्याशिवाय बिअर बनवणे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार गुन्हा आहे; लेखात याचा एका ओळीनेही उल्लेख नसावा, याचे आश्चर्य वाटते.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, ता. आर्वी, जि. वर्धा