सांडपाणी प्रकल्पांतील जाळ्यांची हेळसांड नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागनदीच्या शुद्धीकरणाची चर्चा शहरात निघाली की ती बहुधा प्रकल्पाची क्षमता आणि खर्चाचे कोटी या दोन आकड्यांभोवतीच फिरते. भांडेवाडीचे दररोज 130 आणि 200 दशलक्ष लिटर क्षमतेचे प्रकल्प आणि वीजकेंद्रांना पुरवले जाणारे प्रक्रिया केलेले पाणी, यांचा नागपूरकरांना अभिमान वाटावा हे योग्यच आहे. परंतु अशा कोणत्याही प्रकल्पात शिरणाऱ्या सांडपाण्याची पहिली गाठ ज्या यंत्राशी पडते, त्या यांत्रिक जाळीविषयी कोणी बोलत नाही. माझी सारी नोकरी पंपांच्या देखभालीत गेली असल्याने हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

या जाळीची रचना साधी आहे. वाहिनीत तिरक्या उभ्या केलेल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये सुरुवातीला 20 ते 50 मिलिमीटरची फट असते आणि पुढच्या बारीक जाळीत ती 6 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असते. पट्ट्यांवर कचरा साचू लागला की अलीकडची पाणीपातळी पलीकडच्यापेक्षा वाढते. हा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याचे संवेदकाने टिपताच साखळीवर बसवलेले दाते पट्ट्यांच्या फटींतून वर सरकतात, अडकलेला कचरा उचलून सरकत्या वाहक पट्ट्यावर (कन्व्हेयर बेल्टवर) टाकतात आणि तेथून तो पिळणी यंत्रात जाऊन त्यातील बरेचसे पाणी पुन्हा वाहिनीत येते. प्रवाहाचा वेगही सांभाळावा लागतो. तो फार मंद झाला तर जाळीसमोर वाळू बसते आणि फार वाढला तर मऊ कचरा दाबला जाऊन फटींतून पलीकडे निसटतो.

जाळी बंद पडल्यावर काय होते, हे मी एका पंपगृहात जवळून पाहिले आहे. साखळी तुटली होती, सुटा भाग साठ्यात नव्हता आणि तोवर पाणी बाजूच्या वाहिनीतून तसेच सोडले जात होते. पंपाची मोटर तापू लागल्यावर आम्ही पंप उघडला, तेव्हा इम्पेलरभोवती, म्हणजे पंपातील फिरत्या चक्राभोवती, चिंध्या, केस, ओले वाइप्स आणि खर्र्याच्या पन्न्या एखाद्या दोरखंडासारख्या घट्ट पिळून बसल्या होत्या व त्या सुरीने कापूनच काढाव्या लागल्या. हाच कचरा पुढे गेला तर हवा देणारी यंत्रे आणि झडपा निकामी करतो. यंत्र बंद असताना हाताने जाळी साफ करणाऱ्या कामगारावर येणारे संकट तर त्याहून गंभीर आहे, कारण बंदिस्त जागेत साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू जीवघेणा असतो. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवण्यास 2013 च्या कायद्याने मनाई आहे. जाळीच्या खोल खड्ड्याबाबतही तितकीच दक्षता हवी.

पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरीत गडरलाइनमध्ये महिनोन्‌महिने साचलेले सारे एकदमच जाळीवर येऊन आदळते. म्हणून साखळी, दाते आणि संवेदकांची तपासणी मे महिन्यातच उरकलेली असावी. सॅनिटरी पॅड, डायपर आणि वाइप्स शौचालयात न टाकणे हे मात्र आपल्याच हातात आहे, आणि ते कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त आहे.

नागनदी पुढे कन्हान आणि वैनगंगेमार्गे गोसीखुर्दच्या जलाशयाला मिळते, त्यामुळे येथल्या हयगयीचा त्रास खालच्या गावांनाही होतो. शहरात नव्या सांडपाणी प्रकल्पांच्या निविदा काढताना पर्यायी जाळी, सुट्या भागांचा साठा, वायुमापक आणि जाळीवरील कचऱ्याची त्याच दिवशी विल्हेवाट या बाबी करारातच नमूद कराव्यात आणि जाळी किती तास बंद होती याची नोंद दरमहा नागरिकांसाठी जाहीर करावी, अशी संबंधितांना विनंती आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त यांत्रिकी अभियंता, नागपूर