ताई, ब्रेडचं विचारलं होतंस ना, हे घे

प्रिय ताई,

नमस्कार. फोनवर तू घरी ब्रेड कसा करायचा ते विचारलंस, मी "लिहून पाठवतो" म्हणालो आणि तू म्हणालीस, "तू काय पाठवतोयस", म्हणून आज पोरं झोपल्यावर बसलोच. लांबण लागेल, दाजींना एवढंच सांग की ब्रेड होणारे, पण पाव सोडायची गरज नाही, मिसळीबरोबर पावच लागतो.

इथं जर्मनीत, श्टुटगार्टला बऱ्याच घरात संध्याकाळी गॅस पेटतच नाही. ब्रेड, चीज, काकडी, आंबट घेरकिन म्हणजे मुरवलेल्या छोट्या काकड्या, झालं जेवण, त्याला आबेंडब्रोट म्हणतात. आपल्याला ते रोज काय झेपत नाही, रात्री भात पाहिजेच, पण पोरांच्या शाळेच्या डब्यात ब्रेडच लागतो, त्यामुळं किलोभराचा लोफ, म्हणजे अख्खा ब्रेड, बघता बघता संपतो. बेकरीत चांगला लोफ पाच युरोच्या आसपास नि साधं पीठ किलोला एक युरोच्या आत, म्हणून सुरुवात खरं तर हिशोबानं झाली, आता चवीसाठी चालू आहे. या लोकांचं ब्रेडचं वेड काही औरच, 2014 मध्ये यांनी ब्रेड देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीतसुद्धा घातलाय. आजूबाजूच्या खेड्यांत अजून सगळ्या गावाची मिळून एक भट्टी असते, बाकहॉइस्ले म्हणतात तिला, पूर्वी बायका तिथं पाळीपाळीनं ब्रेड भाजायच्या, आता जास्त करून सणासुदीला पेटवतात.

पिठाच्या पिशवीवर इथं नंबर असतो, 405, 550, 1050. मला आधी वाटलं कंपनीचा कोड असेल. तर 100 ग्रॅम पीठ जाळल्यावर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते तो तो आकडा. जेवढा कोंडा जास्त तेवढी राख जास्त. 405 केकला, 550 पांढऱ्या ब्रेडला, 1050 जरा काळपट. राय नावाचं धान्य असतं, रोगन म्हणतात इथं, त्याचं 1150 नंबरचं पीठ मी अर्धं घालतो. ते मळायला गेलं की हाताला नुसतं चिकटतं, गव्हासारखी तार धरतच नाही, आणि त्याला आंबवण लागतंच, कारण आंबटपणा नसेल तर भाजताना त्यातलं स्टार्च मोडतं आणि आत गिच्च गोळा होतो. हे आंबवण म्हणजे आपलं विरजण समज, थोडं ठेवून द्यायचं, फ्रीजमध्ये असतं आणि आठवड्यातनं एकदा पीठपाणी घालायचं.

पण तू यातलं काही करू नको. तुझं म्हणणं होतं की नुसत्या चक्कीच्या कणकेचा करते, मैदा अजिबात नको. ते मला पटत नाही. चक्कीत पीठ बारीक नि गरम होऊन निघतं, पाणी जास्त पितं, पोळी मऊ होते ती त्यामुळंच, पण ब्रेडमध्ये कणकेतला कोंडा ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट पदार्थाची, जाळी तोडतो आणि लोफ विटेसारखा बसतो. सुरुवातीला 300 ग्रॅम मैदा, 200 ग्रॅम कणीक कर, नंतर हळूहळू कणीक वाढव. खपली गहू तर तुझ्याकडं घरचाच आहे! इथं तो एमर नावानं ऑरगॅनिक दुकानात महाग मिळतो. चव मस्त, पण फुगायला कमजोर, म्हणून 500 ग्रॅममध्ये 100 च्या वर नको, तेवढी कणीक कमी घे. ज्वारी नकोच, तिच्यात ग्लुटेन नाही, तिची भाकरीच चांगली.

पाणी 350 ग्रॅम, मीठ 10 ग्रॅम, कोरडं इन्स्टंट यीस्ट अर्धा छोटा चमचा. वजनकाटा घेच ग, वाटीनं मापलं की रोज वेगळं होतं. संध्याकाळी सगळं नुसतं कालवायचं, पोळीसारखं तिंबत बसायचं नाही. अर्ध्या तासात दोनतीनदा ओल्या हातानं कडा उचलून आत घडी घालायची, बघ कशी कणीक हळूहळू तुकतुकीत होत जाते, आणि मग झाकून रात्रभर फ्रीज. आमच्याकडं हिवाळ्यात किचन गार असतं म्हणून मी तासभर बाहेर ठेवतो, सांगलीच्या उन्हाळ्यात तेवढ्यात ते परातीतनं बाहेर येईल. सकाळी गुंडाळी करून टिनमध्ये, म्हणजे ब्रेडच्या लांबट डब्यात घाल, काठापर्यंत आलं की ओटीजी, म्हणजे तो छोटा विजेचा ओव्हन, 200 डिग्रीवर, 35-40 मिनिटं. खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झालं.

मी स्वतः टिन वापरत नाही, झाकणाचं लोखंडी भांडं 250 वर तापवून त्यात टाकतो, झाकणामुळं वाफ आत राहते, वरचं कवच लवकर कडक होत नाही आणि लोफ नीट उमलतो. पण गरम भांडं ओटीजीतनं काढताना हात भाजतात, पोरं आसपास असतात, तुला टिनच बरा.

आणि कृपा करून गरम कापू नको. मला माहितीय तिथं काय होणार, वासानं सगळे सुरी घेऊन उभे राहणार. पूर्ण गार होऊ दे, नाहीतर चिकट काप निघतात. कापडात गुंडाळून ठेव, फ्रीजमध्ये नको, तिथं उलट लवकर शिळा होतो. उरलाच तर फोडणीचा ब्रेड, आमच्या राय ब्रेडचा तर लिंबू न पिळता आंबूस लागतो, धाकटी त्यासाठी मुद्दाम दोन काप लपवून ठेवते.

यीस्ट बेकरीच्या सामानाच्या दुकानात बघ, पुडीवरची तारीख आधी वाच, जुनं असलं की दिवसभर वाट बघितली तरी ढिम्म हलत नाही. पहिला लोफ झाला की कापलेल्या बाजूचा फोटो पाठव, वरनं काय सगळेच छान दिसतात, आत जाळी कशी पडलीय ते बघून पाणी वाढवायचं का कमी करायचं ते सांगतो.

तुझा
बाळू