काखेतला बोगदा

प्रिय शिल्पे,

आईचा गुडघा तसाच, माझी शुगर नॉर्मल, झालं तब्येतीचं. आता खरी बातमी. माझ्या काखमांजरीची सोनोग्राफी झाली! हसू नकोस. 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' त्या बोर्डाखाली बसले होते, तेवढ्यात शेजारच्या काकू उगवल्या, "कितवा गं?" म्हटलं काकू, काखेची करायचीय. त्यांना अजून पटलेलं नाही.

झालं असं की परत उजव्या काखेतच गळू आलं, आणि या वेळी नेहमीच्या डॉक्टरांकडे न जाता स्किनवाल्या मॅडमना गाठलं. ते आपले दर वेळी चीर देणार, पू काढणार, वर "स्वच्छता ठेवत जा" हा उपदेश फुकट. मॅडम म्हणाल्या, घाणीचा काही संबंध नाही, केसाचं मूळ बुजून आतल्या आत फुटतं आणि सूज धुमसत राहते, हायड्राडिनायटिस म्हणतात, कुणाला लागत नाही. ऐक, लागत नाही! आणि आपली ती तिसरी रूममेट माझी बादली बाथरूमबाहेर ठेवायची.

मग आत काय चाललंय ते बघायला सोनोग्राफी. अंगावर फिरवतात ना, तो प्रोब. पोटाला ३-५ मेगाहर्ट्झचा चालतो, कातडीला १५च्या वरचा लागतो, खोलवर दिसत नाही पण वरवरचं एकदम बारीक दिसतं. जेलचा हा जाड थर थापला आणि प्रोब नुसता तरंगत ठेवला, कारण दाबलं की बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि सूज किती ते कळत नाही. मला दिसले राखाडी पट्टे. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, दोन गळवांच्या मधे काळपट पट्टा, म्हणजे आतून बोगदा, आणि वरची कातडी अगदी धडधाकट! एक फाटा दंडाकडे गेलाय, जिथे मला कधी पुटकुळीसुद्धा आली नाही. कडेने लाल-निळे ठिपके, म्हणजे तिथे रक्त खेळतंय, अजून पेटलेलंच आहे. सगळा रस्ता त्यांनी पेनने कातडीवरच आखून दिला, साबणाने जाता जात नव्हता. एवढी वर्षं नुसती तोंडं कापत बसलो गं, बोगदा तसाच.

महाबळेश्वरला मी पूलमध्ये उतरले नाही तर "नखरे" म्हणाली होतीस ना, आता रिपोर्टच पाठवते!

आता काळजी ती पुढची. गोळ्यांनी सूज उतरवायची, परत सोनोग्राफी, मग ऑपरेशन, कारण जुना बोगदा औषधाने सहसा मिटत नाही. अ‍ॅडॅलिम्युमॅबची इंजेक्शनं पण आहेत, सूज आतून दाबणारी, आधी टीबीची टेस्ट करावी लागते आणि किंमत ऐकून हे दोन मिनिटं गप्पच झाले. ऑपरेशनची जखम कधी कधी न शिवता उघडीच ठेवतात, भरायला काही आठवडे. उजवा हात गं! फळ्यावर वरच्या ओळीत तारीख कोण लिहिणार, आणि हेडबाईंना रजेचं कारण काय सांगू? 'काख' लिहू अर्जात? सासूबाईंना तर अजून काहीच बोलले नाहीये.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? सोनू यंदा दहावीला ना, त्याला माझे आशीर्वाद. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन ठरलं तर चार दिवस येशील का, भाकऱ्या थापायला नको, नुसती वेणी घालून दे. फोन करू नकोस, स्टाफरूममध्ये सगळ्यांचे कान इकडेच असतात. लिहूनच कळव.

तुझी,
वैशी