शाळेच्या भूगोल खोलीसाठी आवाहन

समस्त ग्रामस्थ, माजी विद्यार्थी आणि पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेले आपल्या गावचे सगळे, यांना सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात पाणी नदीकाठच्या मळीत शिरायला लागलं त्या रात्री गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला होता, आठवत असेल. गढूळ पाण्याचा लोंढा, त्यात वाहून चाललेली चारचाकी आणि खाली ओळ, ‘कोयनेचे दरवाजे तुटले, दोन तासांत पाणी आपल्याकडे’. रात्री साडेअकराला खालच्या गल्लीतल्या लोकांनी दावणीची जनावरं सोडली. एका घरची म्हातारी अंधारात उंबऱ्याला अडखळून पडली, हात मोडला. सकाळी कळलं की व्हिडिओ टाकणारा आपल्याच शाळेतला सहावीचा पोरगा. मोबाइल वडिलांचा, वडील झोपलेले. त्याला तो कुणी पाठवला हे शोधत गेलो असतो तर आपल्यातलीच दोन-चार मोठी माणसं सापडली असती, म्हणून तो शोध आम्ही तिथंच सोडला.

पाणी ओसरून शाळा भरली तेव्हा भूगोलाच्या बाईंनी त्या पोराला बोल लावला नाही. त्याचं नावही न घेता तोच व्हिडिओ सातवीच्या वर्गात लावला, आवाज बंद करून, आणि एवढंच विचारलं, ‘हे गाव कुठलं?’ पोरं जरा वेळ गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘बाई, ही माती आपली न्हवं. तांबडी हाय.’ दुसऱ्याला नारळी दिसल्या. गणपतीपुळ्याची सहल करून आलेल्या एकानं कुंपणाचा दगड ओळखला, जांभा. शेवटी एकानं व्हिडिओ थांबवायला लावला आणि गाडीच्या पाटीवरची अक्षरं वाचली, केएल. केरळ! तास संपायच्या आत अख्ख्या गावाला रात्रभर जागवणारी भानगड निकालात निघाली, आणि ती निकालात काढली बारा-तेरा वर्षांच्या पोरांनी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नकाशावर दोरा धरून नदी मोजायला लावली. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरला, पंचगंगा आणखी खाली नरसोबाच्या वाडीला. आपल्याकडे कडक ऊन असतानाही नदी का चढते, तर नवजा-महाबळेश्वरला कोसळत असतो म्हणून. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि 2019 साली पाणी 57 च्याही वर गेलं होतं. हे आकडे पोरांना आपल्यापेक्षा जास्त पाठ आहेत. गैरसमज नको, इशारा खरा असेल तर घर सोडायचंच, तिथं वाद नाही. पण तो जलसंपदा खात्याकडून येतो, तहसीलदार-तलाठ्यांकडून येतो. अनोळखी व्हिडिओखालच्या ओळीतून येत नाही.

तेव्हापासून बाईंचा आग्रह आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीला तो पटलेला आहे, की सहावी ते आठवीला भूगोल आणि मोबाइलवर कसं वागायचं हे एकाच खोलीत, एकाच तासाला शिकवायचं. काहींना हे विचित्र वाटलं. ‘मोबाइल द्यायचाच नाही, प्रश्न मिटला’ असं समितीच्या बैठकीत एक जण म्हणाले. व्हॉट्सअ‍ॅपची स्वतःचीच अट 13 वर्षं पूर्ण असण्याची आहे, सहावीतलं पोर तेवढंही नसतं, म्हणजे त्यांचं म्हणणं चूक नाही. पण पोरांचे ग्रुप आहेत, हे आपण सगळेच जाणतो. गेल्या वर्षी एका मुलीच्या फोटोचं स्टिकर करून त्या ग्रुपवर फिरवलं गेलं आणि ती चार दिवस शाळेत आली नाही. करणाऱ्याला ती गंमत वाटली होती. मोबाइलच्या फोटोत पुष्कळदा तो कुठं काढला हे अक्षांश-रेखांशासह नोंदलेलं असतं, हे त्याला माहीत नव्हतं, आपल्यालाही नसेल. सहावीला अक्षांश-रेखांश आहेतच. ते शिकवताना हे सांगायला वेगळा तास कशाला हवा?

अफवा कुठवर जाते हे सांगायला लांबचं उदाहरण लागत नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली, असा संदेश मोबाइलवर फिरत होता. मेलेले भिक्षेकरी होते, नाथपंथी डवरी गोसावी, मंगळवेढ्याकडचे. म्हणजे आपल्या जतला लागूनच.

आता खोलीविषयी. गोदाम म्हणून वापरात असलेली पश्चिमेची खोली मुख्याध्यापकांनी मोकळी करून दिली आहे. आत काय आहे? एक पृथ्वीगोल, त्याचा दांडा मोडलाय, तो पोरं चेंडूसारखा मांडीवर घेऊन बघतात. भारताचा एक नकाशा, त्यात अजून तेलंगणा नाही. पर्जन्यमापक पुस्तकातल्या चित्रात आहे.

एकूण खर्च 60,000 रुपये धरला आहे. त्यातले 32,000 प्रोजेक्टरचे, ही सगळ्यात मोठी रक्कम. सहा पृथ्वीगोल 9,000, भिंतीवरचे नवे नकाशे 5,000, पर्जन्यमापक, तापमापक, वातकुक्कुट मिळून 6,000. उरलेले 8,000 रंगाचे आणि पेंटरचे. मागच्या भिंतीवर महाबळेश्वरपासून आलमट्टीपर्यंतची कृष्णा काढायची आहे, उपनद्या आणि धरणांसकट. आमचं सगळ्यांचं मन त्या भिंतीत जास्त आहे, खरं सांगायचं तर. आजवर 18,400 जमले, 41,600 कमी पडताहेत. घरात चालू स्थितीतला जुना लॅपटॉप पडून असेल तर तोही द्या. फक्त देण्याआधी आपले फोटो आणि पासवर्ड पुसून द्या, पोरं चौकस आहेत.

पैसे देणं जमत नसेल त्यांच्याकडे दुसरं एक मागणं आहे. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, नोकरीत, सैन्यात आपली माणसं कोइंबतूरपासून गुवाहाटीपर्यंत आहेत. येत्या 23 सप्टेंबरला गच्चीवर उभं राहून सूर्य वर आला ती वेळ टिपा आणि शाळेला पोस्टकार्डावर कळवा. त्या सुमारास दिवस-रात्र सगळीकडे जवळजवळ सारखी असते, त्यामुळे वेळेत फरक पडला तर तो रेखांशाचा, अंशाला चार मिनिटं. गुवाहाटीत सूर्य आपल्यापेक्षा तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच, हे आठवीच्या पोरांना पुस्तकातून पटत नाही. गावच्या माणसाच्या अक्षरात आलं तर पटेल. मोबाइलवर आयती मिळणारी वेळ कृपया पाठवू नका, पोरांना ती लगेच ओळखू येते. आपल्याकडे बिनसावलीचा दिवस मे महिन्याच्या सुरुवातीला येतो, पण तेव्हा शाळेला सुट्टी. ऑगस्टमध्ये परत येतो तेव्हा आभाळ भरलेलं. त्यामुळे तो प्रयोग आम्ही सोडूनच दिला आहे.

देणगी शाळेच्या कार्यालयात रोख किंवा धनादेशानं द्यावी, धनादेश शाळा व्यवस्थापन समितीच्या नावे. खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीचं आहे. पावती तिथल्या तिथं मिळेल, आयकरात सूट मिळणारी पावती मात्र आम्हाला देता येत नाही. जमा-खर्च दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शाळेच्या फलकावर लागतो.

या आवाहनासोबत क्यूआर कोड मुद्दामच दिलेला नाही. हे पत्र पुढं पाठवता पाठवता कुणी त्यात आपला कोड चिकटवला तर तुम्हाला कळणार नाही आणि आम्हालाही. बाहेरगावच्यांनी खाते क्रमांकासाठी गावातल्या आपल्या माणसाला फोन करावा, त्यानं शाळेत जाऊन फलकावर बघून सांगावा. कोड असलेलं आवाहन कुणाकडं आलंच तर ते आमचं नाही. त्यावर पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, आणि मग शाळेत कळवा.

आपले,
शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष व सदस्य