रात्रपाळीलाही येऊन शिकवणाऱ्या आहारतज्ज्ञ मॅडमना कृतज्ञतेचे पत्र

आदरणीय मॅडम,

सस्नेह नमस्कार.

आमच्याकडील आहार-प्रशिक्षणाचे आपले शेवटचे सत्र होऊन आठ महिने झाले. त्या दिवशी निरोपाच्या घाईत मला केवळ ‘धन्यवाद’ म्हणता आले आणि ते फार अपुरे होते, ही रुखरुख तेव्हापासून मनात आहे. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण वर्षातून एकदा रक्ततपासणी व्हावी, अहवालाचे पाकीट हातात पडावे आणि विषय तिथेच संपावा, हा अनुभव पुष्कळ नोकरदारांचा आहे. आमचाही तोच होता.

आपण आमच्याकडे आलात त्याच्या महिनाभर आधी आमच्या विभागातील एका सहकाऱ्याला कामावर असतानाच हृदयविकाराचा झटका आला. वेळेवर उपचार मिळाले, ते वाचले. पण त्यांच्या खणात सलग तीन वर्षांचे अहवाल सापडले आणि तिन्हींत एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या आकड्याखाली लाल रेघ होती. ती रेघ पाहून पुढे काय करायचे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यानंतर काही दिवस आमच्यात कुजबुज चालली की त्यांना तळलेले फार आवडते, ते कोणाचे ऐकत नाहीत. पहिल्याच सत्रात ही कुजबुज आपल्या कानावर आली आणि आपण ती तिथल्या तिथे थांबवलीत. आपण म्हणालात, “अर्ध्या तासाच्या सुट्टीत माणूस समोर असेल तेच खातो. समोर काय ठेवायचे हे कोण ठरवते, ते आपण आधी पाहू.” आजारी पडलेल्या माणसाच्या माथी दोष मारण्याची आमची सवय त्या एका वाक्याने मोडली. आपल्या साऱ्या शिकवण्यातली ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

मिठाचे सत्र तर कोणीच विसरलेले नाही. आपण प्रत्येकासमोर एक कोरा कागद ठेवलात आणि दिवसभरात जेवढे मीठ खाणे योग्य वाटते तेवढे त्यावर काढायला सांगितलेत. बहुतेकांच्या कागदावर मोठा ढीग झाला. मग आपण छोटा तराजू काढून पाच ग्रॅम मीठ मोजून दाखवलेत: एक सपाट चहाचा चमचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांनी दिवसाला याहून कमी मीठ खावे असे सांगते आणि जगाची सरासरी याच्या जवळजवळ दुप्पट आहे, हे ऐकून खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. त्यानंतर आपण माझ्या खणातले तयार सूपचे पाकीट मागून घेतलेत. त्यावर एका वाढणीत 800 मिलिग्रॅम सोडियम असे छापले होते. सोडियमला अडीचने गुणले की मीठ येते, हे आपण फळ्यावर लिहिलेत, आणि उत्तर आले दोन ग्रॅम. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ‘दोन वाढण्या’ असे लिहिलेले होते. मी मात्र ते रोज एकटीच संपवत असे. म्हणजे जेवणाला हात लावण्यापूर्वीच माझे चार ग्रॅम झालेले असत. इतकी वर्षे ते पाकीट मी हातात धरत होते, पण त्याची मागची बाजू कधी वाचली नव्हती.

आपण कधी भीती घातली नाहीत, कारण समजावून सांगितलेत. जास्तीचे सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते, त्यामुळे रक्ताचे आकारमान आणि रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो, आणि वर्षानुवर्षे त्या दाबाविरुद्ध काम करताना हृदयाचा स्नायू जाड होत जातो, हे कळल्यावर मला पथ्य ही शिक्षा वाटेनाशी झाली. डॅश नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1997 सालच्या प्रयोगाची माहितीही आपणच दिलीत. भाज्या, फळे आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धपदार्थ भरपूर असलेल्या आहाराने, वजन आणि मीठ दोन्ही तेवढेच ठेवूनही, उच्च रक्तदाब असलेल्या लोकांचा वरचा आकडा सरासरी सुमारे 11 ने उतरला आणि परिणाम पहिल्या दोन आठवड्यांतच दिसू लागला. वजन घटले नाही की सगळे व्यर्थ, असे मानणाऱ्या आम्हा अनेकांना याने मोठा धीर आला. कडधान्ये, ओट आणि फळांतील विद्राव्य (पाण्यात विरघळणारे) तंतू आतड्यात पित्ताम्लांना, म्हणजे पित्तातील आम्लांना, धरून बाहेर नेतात, मग नवे पित्त तयार करण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते, हेही आपण इतके सोपे करून सांगितलेत की आमचे एक सहकारी आता नव्याने रुजू होणाऱ्यांना ते समजावतात.

आपल्या प्रामाणिकपणाचाही उल्लेख केला पाहिजे. आपल्याच क्षेत्राच्या मर्यादा सांगायला आपण कचरला नाहीत. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या 160 ठिकाणी, सुमारे 33 हजार कर्मचाऱ्यांमध्ये झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दीड वर्षाच्या आरोग्य कार्यक्रमानंतर लोकांनी आपल्या काही सवयी सुधारल्याचे सांगितले, पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसारख्या मोजमापांत लक्षणीय फरक आढळला नाही, हे आपण व्यवस्थापनासमोर स्पष्टपणे मांडलेत. केवळ व्याख्याने देऊन भागणार नाही, स्वयंपाकघर बदलावे लागेल, असा आग्रह आपण त्याच बैठकीत धरलात.

त्यानंतर आपण आमच्यापेक्षा कॅन्टीनमधील आचाऱ्यांबरोबर अधिक वेळ घालवलात आणि माझ्या मते खरे काम तिथे झाले. मीठ एकदम निम्मे न करता आठवड्याआठवड्याला थोडेथोडे कमी केले गेले, कारण जिभेला नव्या चवीची सवय व्हायला काही आठवडे लागतात. आम्हाला ते कळलेही नाही. टेबलावरची मिठाची भांडी उचलून एका कोपऱ्यात ठेवली गेली. ज्याला हवे त्याने उठून जावे. हृदयाला अपायकारक ट्रान्स फॅट असलेले, अंशतः हायड्रोजनेटेड स्निग्ध पदार्थ स्वयंपाकघरातून गेले. रांगेत सर्वांत आधी भाज्या आणि फळे मांडली जाऊ लागली. आचाऱ्यांना आपण कधीही चूक करणारे म्हणून वागवले नाहीत. त्यांच्या हाताच्या चवीचा मान राखत प्रत्येक बदल त्यांच्याकडूनच सुचवून घेतलात. त्यामुळे आपण गेल्यावरही तो टिकून आहे.

आणखी एक प्रसंग मी जवळून पाहिला. आमचे एक ज्येष्ठ सहकारी उत्साहाने कमी सोडियमच्या मिठाचे पाकीट घेऊन आपल्याकडे आले. आपण त्यांना बाजूला नेऊन मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का, असे विचारलेत. तो होता. अशा मिठात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम असते, दुर्बल मूत्रपिंडाला ते पुरेसे बाहेर टाकता येत नाही आणि रक्तात ते फार वाढल्यास हृदयाची लय बिघडू शकते, हे सांगून आपण त्यांना प्रथम त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलेत. सर्वांना एकच सल्ला देऊन मोकळे होणे किती सोपे होते! आपण तसे केले नाहीत.

आणि रात्रपाळी. पाळीच्या कामाचा हृदयविकाराशी संबंध आढळतो, हे आपण आल्यावरच आम्हाला कळले. एरवी आरोग्याचा प्रत्येक उपक्रम दिवसा होतो आणि रात्रीच्या माणसांना फक्त त्याचे पत्रक मिळते. आपण रात्री दोन वाजता आलात, तेही एकदा नव्हे, चार वेळा. त्या वेळी खाद्यपदार्थ विकणाऱ्या यंत्रातून काय विकत घेतले जाते ते आमच्यासोबत उभे राहून पाहिलेत आणि त्याच यंत्रात सुकामेवा, फळे आणि बिनसाखरेची पेये ठेवण्याची व्यवस्था करून घेतलीत. आमच्यासाठी कोणी झोपमोड करून आले, हे पहिल्यांदाच घडत होते.

माझ्यापुरते सांगायचे तर, आपण पहिल्यांदा मोजलात तेव्हा माझा रक्तदाब 148/94 होता. गेल्या महिन्यात तो 128/82 भरला. डॉक्टरांनी दिलेली गोळी सुरू आहे आणि हे सारे श्रेय आहाराचे आहे असे मी म्हणणार नाही, कारण तसे म्हणू नये, हेही आपणच शिकवले आहे. झटका आलेले आमचे सहकारी पुन्हा कामावर रुजू झाले आहेत. ते आता अहवालाचे पाकीट सर्वांसमोर उघडतात आणि न समजलेला आकडा मोठ्याने विचारतात.

आपण मोजून दिलेला चमचा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला आहे. रात्रपाळीत या वर्षी अकरा नवी माणसे आली आहेत. आपण पुन्हा कधी येणार, असे त्यांनी मला विचारायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
पाठवणी विभागातील एक कर्मचारी